पश्चिमेची भिंत

थंडी पडली की आमच्या भागात इमारतींना माणसं लोंबकळू लागतात. चिखली, मोशी, तळवडे, जिकडे बघावं तिकडे दोरांना बांधलेल्या फळ्या, रंगाच्या बादल्या, आणि खाली उभं राहून वर बोट दाखवणारा सोसायटीचा कुणीतरी पदाधिकारी. पावसाळ्यात प्यालेलं पाणी भिंती दिवाळीपर्यंत सोडून देतात, ऊन मवाळ असतं, नवा गिलावा तडकत नाही. म्हणून भेगा भरणं, पोकळ झालेला गिलावा ठोकून पाडणं, नवा चढवणं, रंग देणं, सगळं याच दिवसांत उरकून घ्यायचं. थंडी म्हटलं की कुणाला हुरडा आठवतो, कुणाला शेकोटी. मला राग येतो.

सकाळी चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसते. धुकं कुठलं आणि धूर कुठला हे कळू नये अशी ती वेळ. त्यातून एखादा झुला दिसतो, त्यावर कानाला मफलर गुंडाळलेला माणूस थापीने भिंतीवर सिमेंटचा माल फेकत असतो, आणि माझे दात आपोआप आवळले जातात. शेजारची मैत्रीण एकदा म्हणाली, "अगं, त्या बिचाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?" त्याने काहीच केलेलं नाही. तो त्याचं काम करतोय, आणि त्याला ते करू दिलं जातंय. एवढं साधं दृश्य. आमच्या घराला ते बघायला किती हिवाळे थांबावं लागलं, हे तिला बसच्या त्या गलक्यात कसं सांगायचं?

आमचं घर तळवड्याच्या बाजूला, गुंठेवारीतल्या एका गल्लीत. बाबा परभणीकडून इथे येऊन कंपनीत फिटर म्हणून लागले. त्याच खात्यात तात्या होते, साताऱ्याकडचे. दोघं एकाच शिफ्टला, एकाच बसने, कँटीनमध्ये एकाच टेबलावर. बाबांच्या डब्यातला ठेचा तात्या मागून घ्यायचे. जागाही दोघांनी मिळून बघितली आणि शेजारी शेजारी घेतली. आमचा तुकडा अरुंद, म्हणून पश्चिमेची भिंत थेट हद्दीवर चढवली. तात्यांनी त्यांच्या बाजूला एक बोळ मोकळा सोडला आणि त्याला गल्लीकडून लोखंडी फाटक लावलं. म्हणजे आमची ती भिंत बाहेरून बघायची, तिला हात लावायचा, तर उभं राहायला तात्यांच्याच बोळात हवं.

घर बांधताना तीन बाजूंना गिलावा झाला आणि चौथीच्या वेळी पाऊस आला. "राहू द्या यशवंतराव, पुढच्या थंडीत करू की. मी काय पळून चाललोय का?" तात्या म्हणाले. बाबांनी मान डोलावली. मित्राचा शब्द.

पुढच्या थंडीत तात्यांच्या मुलीची परीक्षा होती, घरात गडबड नको. त्याच्या पुढच्या थंडीत त्यांनी बोळात नवी फरशी घातली, सिमेंटने डाग पडतील. मग भावकीत सुतक आलं. मग मुलीचं लग्न ठरलं. मग नुसतंच, "यंदा नको, राव." बाबा दर थंडीला जायचे, अंगणात उभं राहून विचारायचे आणि परत यायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय म्हनले?" बाबा चप्पल काढता काढता म्हणायचे, "बघू म्हणाले." माझं सगळं लहानपण त्या 'बघू'मध्ये ओलं झालं.

कारण आमचा पाऊस पश्चिमेकडूनच येतो. लोणावळ्याकडून ढग निघतात ते सरळ त्या उघड्या विटांवर. विटा पाणी पीत राहायच्या आणि आतल्या बाजूने ते आमच्या खोलीत उतरायचं. आधी चुन्यावर पिवळट नकाशे, मग पोपडे, मग काळी बुरशी. कपाट भिंतीला टेकवलं की पाठ कुजायची. ट्रंकेतल्या आईच्या साड्यांना वास यायचा. माझी शाळेची पुस्तकं फुगून जाडजूड व्हायची आणि वर्गात मुली विचारायच्या, "ह्यांना कशात भिजवलंस गं?" बुद्धाची तसबीर त्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर लावावी लागली, कारण मागचा पुठ्ठा सुटायला लागला होता. आई रोज सकाळी उठली की ओल्या भिंतीवर तळवा ठेवायची, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि चहा टाकायला जायची.

आम्ही बौद्ध आहोत. हे मी इतका वेळ लिहिलं नाही, कारण तात्याही ते कधी म्हणाले नाहीत. त्यांनी फरशी सांगितली, सुतक सांगितलं, परीक्षा सांगितली. कंपनीच्या टेबलावर ठेचा चालायचा. गल्लीत मात्र आम्ही त्यांच्या अंगणापर्यंत. पाणी यायचं ते कागदी ग्लासात. त्या घरात दुसऱ्या कुणासाठी कागदी ग्लास निघालेला मी पाहिला नाही. बाबा ते पाणी पिऊन ग्लास चुरगळून खिशात घालून घरी आणायचे, म्हणजे त्यांच्या दारात कचरा नको. मला अजूनही तो खिसा आठवला की कानशिलं तापतात.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितेय तो काही वर्षांपूर्वीचा. त्या साली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला आणि भिंत सुकलीच नाही. आईला दम लागायला लागला. रात्री ती उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टरांनी छाती तपासली, घराची चौकशी केली आणि म्हणाले, "औषध मी देतो, पण त्या खोलीतली ओल गेली नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही. भिंतीचं बघा." तोवर मी चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात लागले होते. मी दिवसभर लोकांच्या गाड्यांच्या पत्र्यावर रंगाखाली एक बुडबुडा राहिला तरी माल परत पाठवायचे. आणि घरी आई काळी पडलेली भिंत श्वासात घेत होती.

रविवारी मी बाबांबरोबर तात्यांकडे गेले. तात्या खुर्चीत ऊन खात बसले होते. त्यांचा मुलगा गिरीश, माझ्याच वयाचा, गाडी पुसत होता.

"तात्या, हिच्या आईची तब्येत बरी न्हाई," बाबा म्हणाले. "डॉक्टर भिंतीचं म्हणतात. चार दिवस मिस्त्री बोळात येऊ द्या. फरशीवर ताडपत्री टाकतो. पाणी आमचं, माणसं आमची. काम झालं की मी स्वतः धुवून देतो."

तात्या म्हणाले, "वहिनींना दुसऱ्या खोलीत झोपवा ना, राव."

"दुसरी खोली न्हाई."

"आतून काहीतरी केमिकल मिळतं म्हणे हल्ली."

मी म्हणाले, "आतून काही होत नाही, काका. पाणी बाहेरून येतंय. तुमच्या बाजूनं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांना म्हणाले, "यशवंतराव, बोळात तुळस आहे. ही रोज पूजा करते. तिथं सतरा माणसांची ये-जा... तुम्ही समजदार आहात."

आम्ही उठलो. त्या दिवशी बाबांनी कागदी ग्लास तिथेच खुर्चीवर ठेवला. पाणी तसंच होतं.

संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. पलीकडच्या गच्चीवर काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. आवाज दाबायची गरज त्यांना वाटली नसावी. "मिस्त्र्याचं काय गं, तो काम करून जाईल. पण एकदा यांना आत घेतलं की मग रोजचंच होतं. वाट पडली की पडली." बहीण म्हणाली, "खरंय बाई." आणि दोघी वाळलेल्या पापडांकडे वळल्या.

बस्स. इतकंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. पापड मोजून डब्यात भरावेत इतक्या निवांतपणे माझ्या आईचा दमा दोन वाक्यांत मिटवून टाकला. मी ओले-सुके सगळे कपडे एकात एक कोंबून खाली आले आणि म्हणाले, "आपण त्यांच्या जमिनीवर पाय ठेवायचाच नाही. वरून करायचं."

सोसायट्यांना करतात तसं. गच्चीवरून झुला सोडायचा. बाबा म्हणाले, एवढ्याशा घराला कुणी झुला लावतं का? लोक हसतील. मी म्हणाले, हसू दे.

सोलापूरकडचे सिद्राम मिस्त्री आमच्या ओळखीचे होते. त्यांनी गच्चीवरून खाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, खाली एवढी मोकळी जागा हाय. परांची बांधली तर दोन दिवसांत उरकंल. वरून लोंबकळत कशाला?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "दर जास्त लागंल. आन् भांडण झालं तर मी न्हाई थांबायचा." एवढं स्पष्ट बोलणारा माणूस त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच भेटला होता.

गच्चीवरच्या खांबांना दोर बांधले, फळी सोडली. फळीखाली ताडपत्रीची झोळी केली, म्हणजे मालाचा थेंबसुद्धा बोळात पडू नये. मिस्त्री खाली उतरले आणि विटांवर साचलेलं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडायला लागले. तो आवाज आतल्या खोलीत ऐकू येत होता. आई पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती. तिकडून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या भिंतीसाठी काहीतरी करत होतं.

पहिला हात मारून होतो न होतो तोच तात्या बोळात आले. "ए, कुणाला विचारून? बंद कर आधी!"

मी कठड्यावरून वाकले. "काका, आम्ही तुमच्या जागेत नाही."

"हा बोळ माझा. बोळावरची हवापण माझीच. माझ्या डोक्यावर लोंबकळायचं नाही!"

"हवासुद्धा?" मी ओरडले. माझा आवाज फाटला. गल्लीतली दारं उघडली. "सगळा पावसाळा ती हवा आमच्या आईच्या छातीत जाते, तेव्हा न्यायला येत नाही कुणी!"

गिरीश मागे उभा होता. तो नुसता मोबाइल हातात फिरवत राहिला. सिद्राम मिस्त्री खालून म्हणाले, "ताई, मला वर घ्या. मी आधीच म्हनलं होतं." आणि त्यांनी वर चढायला दोर धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. वाटलं, झालं. हाही हिवाळा गेला.

तेव्हा बाबा जिन्यातून वर आले. डोक्यावर कंपनीतलं जुनं पिवळं हेल्मेट, कमरेला निवृत्तीच्या वेळी घरी आणलेला सुरक्षेचा पट्टा. आयुष्यभर आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी पट्ट्याचा हूक दोरात अडकवला, कठडा ओलांडला, माझ्याकडे न बघता खाली उतरले आणि मिस्त्र्यांच्या शेजारी फळीवर बसले.

"चला, मिस्त्री. मी हाय तुमच्यासंगं. माल द्या इकडं."

तात्या खालून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती, तीच मला जास्त झोंबली, "यशवंता, वय काय, करतोयस काय? पडशील!"

बाबांनी थापीवर माल घेतला. "पडलो तर तुमच्याच बोळात पडीन, तात्या. तेवढं चालवून घ्या."

तात्या थोडा वेळ वर बघत उभे राहिले. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. मिस्त्र्यांनी बाबांकडे बघितलं आणि काम सुरू केलं. बाबा रोज त्यांच्याबरोबर फळीवर बसले. माल पुढे करायचे, कोपरे दाबायचे. संध्याकाळी वर आले की त्यांचे हात सिमेंटने भेगाळलेले असायचे, आई त्यांना खोबरेल लावून द्यायची. घरात काहीतरी बदललं होतं. बाबा जेवताना ताठ बसायला लागले होते.

गिलावा झाला की त्याला पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो कोरड्याने तडकतो. सकाळ-संध्याकाळ मी गच्चीवरून पाइपने अगदी बारीक धार सोडायचे, भिंतीवरून ओघळून बोळात जाईल न जाईल इतकी. माझ्या स्वतःच्या भिंतीला मी चोरासारखं पाणी घालत होते. आणि खाली काकू मोठ्या झाडूने, अगदी कोरडी असलेली फरशीसुद्धा, खर्र खर्र झाडत राहायच्या.

रंगाची वेळ आली. बाबांनी फिका क्रीम रंग आणून ठेवला होता, बाकीच्या तीन बाजूंना होता तोच. त्या सकाळी तात्यांनी फाटकाशी बाबांना गाठलं. आवाज एकदम जुना, कँटीनमधला. "काम झकास झालं हां, राव. ही भिंत आमच्या स्वयंपाकघराच्या अगदी समोर येते. एवढंच म्हणणं आहे, निळा तेवढा देऊ नका."

बाबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी ताटावरून उठले. "निळाच द्यायचा. आत्ताच्या आत्ता जाऊन आणते. चांगला गडद, डोळ्यात खुपणारा." आम्ही निळ्याचा विचारही केला नव्हता. आणि आता केला नाही तर त्यांचं ऐकलं असं होणार, केला तर त्यांच्यावर सूड म्हणून केला असं होणार. म्हणजे आमच्याच भिंतीवर आमच्या आवडीचा रंग द्यायची सोयसुद्धा त्या माणसाने एका वाक्यात काढून घेतली होती.

आई पलंगावरून म्हणाली, "बस खाली. आदी काय ठरलं होतं? क्रीम. मग क्रीमच. त्यांनी सांगितलं म्हनून आपला रंग बदलायचा न्हाई, ना हिकडं ना तिकडं."

मी पुन्हा ताटावर बसले. क्रीम रंग लागला. तात्या महिनाभर गल्लीत सांगत होते, "मी म्हटलं, त्यांनी ऐकलं. चांगली माणसं आहेत." हे मला दूधवाल्याने सांगितलं. त्या 'चांगली माणसं'वर मी आजही थुंकते.

पण पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली. आईने सकाळी तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. त्या वर्षी ती आडवी झोपली. औषध सुटलं नाही, पण दम्याने तिला बसवून ठेवलं नाही. एवढ्यासाठी इतकी वर्षं? हा प्रश्न मी कुणाला विचारायचा ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. बाबा रडले. त्यांच्या अंत्ययात्रेत ते सगळ्यात मागे चालले. परत आल्यावर आंघोळ करून बराच वेळ अंगणात बसून होते. मला ते रडणं समजलं आणि समजलं नाही. मी तशीच कामावर गेले.

आणि आता ही थंडी. भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्यात, वरचा रंगही उडालाय. मी पुन्हा सिद्राम मिस्त्र्यांना बोलावलं. आम्ही गच्चीवर दोर बांधत होतो तेवढ्यात गिरीश खालून म्हणाला, "अगं संघमित्रा, झुला कशाला? फाटक उघडतो. बोळातून करा ना. आमच्या बाबांचं वेगळं होतं." आणि जरा थांबून, मोठ्या मनाने, "आणि रंग कुठलाही द्या हां, आमचं काही नाही."

त्याने फाटकाची कडी काढली तेव्हा 'खट्' असा आवाज आला. इतकाच. आमच्या घराच्या भिंतीत मुरलेलं सगळं पाणी, आईच्या उशा, बाबांचा खिसा, हे सगळं टळायला फक्त हा एवढासा आवाज पुरला असता. मला वाटलं होतं, हे फाटक उघडेल त्या दिवशी बरं वाटेल. मी कठडा धरून उभी होते. "नको," मी म्हणाले. "आम्ही वरूनच करतो."

पण बाबा तोवर खाली पोचले होते. त्यांनी चप्पल फाटकाबाहेर काढली आणि अनवाणी बोळात गेले. सावकाश चालत पार टोकाला, तुळशीच्या अलीकडे जाऊन उभे राहिले आणि वळले. फळीवर बसून त्यांनी ती भिंत नाकासमोर पाहिली होती, एका वेळी हाताएवढी. पूर्ण भिंत, पायापासून कठड्यापर्यंत, त्यांनी घर बांधल्यापासून पाहिलीच नव्हती. वरून मला त्यांचं टक्कल आणि वर वळलेला चेहरा दिसत होता. लहान मुलासारखा.

"अगं," ते मला म्हणाले, "किती सरळ आलीय गं भिंत!"

मला रडू फुटलं. आनंदाचं नव्हतं ते. एका माणसाला स्वतःचं घर बघायला म्हातारपण यावं लागलं, आणि तो त्यातही खूश होता.

बाबांच्या मागोमाग खाली उतरलेल्या सिद्राम मिस्त्र्यांनी बोळातून विचारलं, "ताई, रंग कंचा?"

मी काही बोलायच्या आत आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. जिना चढून तिला धाप लागली होती. तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले, श्वास जमवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "निळा. चांगला गडद."

बाबा खालून गोंधळून बघायला लागले. "तेव्हा तर तूच नको म्हणालीस!"

"तवा त्यांनी सांगितलं होतं," आई म्हणाली. "मला आवडत न्हाई, असं मी कवा म्हनले?"